इंजिनामागच्या नळीची गळती: 2001 च्या मारुती झेनवरील कामाच्या नोंदी

गाडी 2001 सालची मारुती झेन एलएक्सआय आहे. 993 सीसीचे, चार सिलिंडरांचे एमपीएफआय (कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल सोडणारे) पेट्रोल इंजिन तिच्यात आडवे बसवलेले आहे आणि कामाला सुरुवात केली तेव्हा तिचे 1 लाख 38 हजार किलोमीटर झाले होते. मी तिचा तिसरा मालक आहे. मी मेकॅनिक नाही. नोकरी सांभाळून, सुट्टीच्या दिवशी सकाळी ऊन चढेपर्यंत जेवढे होते तेवढे करतो. या इंजिनाचा ब्लॉक आणि हेड (ब्लॉकवर बसणारा वरचा भाग) दोन्ही अल्युमिनियमचे आहेत आणि एकदा ते जास्त तापले की हेड वाकण्याची भीती असते, त्यामुळे कूलंटची, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची, गळती ‘पाहू पुढे’ म्हणून सोडून देण्यासारखी नव्हती. तरीही ती सापडायला मला तीन आठवडे लागले आणि बंद करायला आणखी तीन.

रविवार, 23 मार्च 2025

बोनेट उघडून सहज पाहिले, तर कूलंटच्या बाटलीतील पातळी ‘लो’च्या खुणेखाली गेलेली होती. फेब्रुवारीच्या अखेरीस मी ती स्वतः ‘फुल’पर्यंत भरली होती. घरातील फिल्टरचे पाणी ओतून मोकळा झालो, ही पहिली चूक. दुसरी चूक पोर्चमध्ये होती. आदल्याच आठवड्यात आम्ही खिडकीला कूलर लावला होता आणि त्याचे पाणी थेंब थेंब करत नेमके गाडीच्या उजव्या चाकापाशी ओघळत होते. फरशी ओली दिसली तरी कूलरचेच पाणी असेल असे गृहीत धरले, आणि कूलंटला जो गोडसर वास येतो तो वाळ्याच्या नव्या ताट्यांच्या वासात बुडून गेला. नागपुरात कूलर लावल्यावर घराभोवती कुठे ओल दिसली म्हणून कोणी चौकशी करत नाही.

शनिवार, 29 मार्च

बुटीबोरीहून परत येताना चिंचभवनच्या अलीकडे तापमानाचा काटा नेहमीच्या जागेवरून उठून पाऊण भागापर्यंत गेला. गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद केले आणि चाळीस मिनिटे थांबलो. टोपण गरम असताना उघडले नाही, एवढी बुद्धी शाबूत होती. वाफ कुठेच दिसत नव्हती, मात्र बोनेटखालून साखरेचा पाक लागल्यासारखा वास येत होता. रेडिएटरमध्ये सव्वा लिटर पाणी बसले. उरलेला रस्ता काचा खाली करून आणि हीटर पूर्ण गरमवर ठेवून कापला, कारण हीटरमधूनही इंजिनाची थोडी उष्णता बाहेर काढता येते. त्या वेळी हीटरची हवा जेमतेम कोमट लागत होती. ही खूण महत्त्वाची होती, पण उन्हात तिच्याकडे लक्ष गेले नाही. दुसऱ्या दिवशी गुढीपाडवा असल्याने गाडी पोर्चमध्येच उभी राहिली. रेडिएटरचे टोपण (150 रुपये) आणि होजच्या, म्हणजे रबरी नळ्यांच्या, चार क्लिपा (80 रुपये) बदलल्या. काही फरक पडला नाही.

बुधवार, 2 एप्रिल

वस्तीतील गॅरेजमध्ये गाडी दाखवली. मेकॅनिकने खाली वाकून टायमिंग बेल्टच्या बाजूला बोट फिरवले, ओले बोट मला दाखवले आणि सांगितले, “काऊन टेन्शन घेऊन रायले भाऊ, पंपच असन. या गाडीत दुसरं काय लीक होते?” मलाही ते पटले, कारण ओल पंपाच्याच, म्हणजे इंजिनात कूलंट फिरवणाऱ्या वॉटर पंपाच्या, बाजूला होती. आमच्या पोर्चला उजवीकडे उतार आहे आणि ब्लॉकच्या खालच्या कडेने कुठलेही पाणी वाहत आले तरी ते याच कोपऱ्यातून टपकणार, हा विचार त्या दिवशी ना त्याला सुचला, ना मला.

शुक्रवार, 4 एप्रिल

पंप बदलून झाला. या इंजिनात पंप काढायचा तर टायमिंग बेल्ट उतरवावाच लागतो, म्हणून बेल्ट आणि टेन्शनरही नवे घातले. पंप 1,250, बेल्ट 480, टेन्शनर 650, मजुरी 1,600 आणि कूलंट 350, असे एकूण 4,330 रुपये झाले. कॅमच्या आणि क्रँकच्या पुलीवरील खुणा जुळवताना मी शेजारी उभा राहून पाहिले आणि बेल्ट चढवल्यावर इंजिन हाताने दोन फेरे फिरवून खुणा पुन्हा तपासायला लावल्या. त्या कामात काही खोट नव्हती. जुना पंप मी मागून घेतला. घरी आल्यावर तो उजेडात धरला, तर सील फुटल्यास ज्या छिद्रातून पाणी बाहेर यायला हवे ते छिद्र कोरडे ठणठणीत होते आणि त्याच्याभोवती पांढरा किंवा हिरवा डाग नव्हता. हा पंप गळतच नव्हता. खरे तर ही तपासणी पैसे देण्यापूर्वी, पंप गाडीला लागलेला असतानाच आरसा आणि टॉर्च घेऊन करता आली असती.

रविवार, 6 एप्रिल

रामनवमीच्या शोभायात्रेमुळे शहरातील रस्ते बंद असणार, म्हणून गाडी बाहेर काढायची नाही असे ठरवले आणि तो दिवस निरीक्षणाला दिला. कूलर बंद केला, फरशी पुसून कोरडी केली आणि इंजिनाखाली पुठ्ठा पसरला. घरच्यांनी कूलर बंद करण्याबद्दल जे ऐकवले ते येथे लिहीत नाही. इंजिन वीस मिनिटे चालवले तेव्हा पुठ्ठा कोरडा राहिला. बंद केल्यावर पहिला तासभरही कोरडाच होता. तिसऱ्या तासाला उजव्या कोपऱ्यात दोन हिरवे थेंब दिसले आणि रात्रीपर्यंत त्यांचा तळहाताएवढा डाग झाला. इंजिन गरम असताना बाहेर आलेले कूलंट तापलेल्या धातूवरच वाळून जात होते. इंजिन निवत आल्यावर आत उरलेल्या दाबाने जे बाहेर येत होते, तेवढेच खाली पोचत होते. म्हणजे गळती कायम होती, आणि चालू इंजिनात ती कोणाला दिसणार नव्हती.

गुरुवार, 10 एप्रिल

महावीर जयंतीची सुट्टी होती. थंड इंजिनावर दाब देऊन पाहायचे होते, पण त्यासाठी मिळणारे तयार यंत्र महाग होते, म्हणून घरीच जुळवाजुळव केली. बदललेल्या जुन्या टोपणाच्या मधोमध भोक पाडून त्यात नटाने आवळायचा ट्यूबलेस टायरचा व्हॉल्व्ह बसवला (30 रुपये), बाटलीकडे जाणारी नळी क्लिपने दाबून बंद केली आणि घरच्या पायपंपाला 280 रुपयांचे दाबमापक जोडले. रेडिएटर गळ्यापर्यंत भरून मग पंप मारायचा.

पहिला दीड तास वाया गेला, कारण दाब झपाट्याने उतरत होता आणि मी इंजिनाभोवती शोधत बसलो होतो. शेवटी साबणाचा फेस लावला, तेव्हा हवा माझ्याच व्हॉल्व्हच्या बुडातून जात असल्याचे कळले. सायकलच्या ट्यूबचा रबरी वायसर कापून घातल्यावर ती थांबली. टोपणावर 0.9 असा आकडा आहे, म्हणजे सुमारे तेरा पौंड. मी बारा पौंडांवर थांबलो. त्याहून जास्त दाब देऊ नये, नाहीतर जे गळत नाही तेही गळू लागेल. अठरा मिनिटांत दाबमापकाचा काटा बारावरून सातवर आला. होजचे सांधे, नवा पंप, रेडिएटर हे सारे कोरडे होते. काठीला बांधलेला छोटा आरसा इंजिन आणि फायरवॉल (इंजिनामागचा, केबिन वेगळी करणारा पत्रा) यांच्यामधल्या फटीत घातला, तेव्हा इनटेक मॅनिफोल्डच्या (सिलिंडरांत हवा नेणाऱ्या भागाच्या) खाली काहीतरी चमकताना दिसले. तिथे हात पोचत नाही, आणि मान कितीही वळवली तरी नजरही पोचत नाही.

रविवार, 13 एप्रिल

मोबाइलला जोडायचा वायरसारखा कॅमेरा 750 रुपयांना मागवला होता, तो आला. त्यासोबत एक साधी युक्ती वापरली. फटीत जेवढे पोचेल तेवढे जुन्या कापडाने पुसून घेतले आणि टॅल्कम पावडर एका आखूड नळीतून फुंकून आत उडवली. सगळीकडे पांढरा थर बसला. मग पंपाने बारा पौंड दाब दिला आणि कॅमेरा स्थिर धरून बसलो.

ब्लॉकच्या मागच्या बाजूने एक लोखंडी नळी आडवी जाते. रेडिएटरच्या खालच्या होजमधून येणारे पाणी ती पंपाकडे नेते, हीटरमधून परत येणारे पाणीही एका आखूड तोटीने तिलाच मिळते, आणि पंपाकडचे टोक रबरी ओ रिंगमधून आत शिरते. नळी हलू नये म्हणून मधोमध एक पत्र्याची पट्टी बोल्टने ब्लॉकला आवळलेली असते. पावडरचा थर नेमका या पट्टीच्या खालच्या कडेला ओला झाला. साधारण चार सेकंदांनी मोहरीएवढा थेंब फुगत असे, पट्टीच्या कडेला थोडा टेकत असे आणि मग नळीच्या पोटावरून घरंगळत उजवीकडे, बेल्टच्या दिशेने निघून जात असे. पावडरमध्ये त्याची वाट बारीक ओहोळासारखी उमटली होती. ती पाहताना पंपावर गेलेल्या 4,330 रुपयांचा हिशेब पूर्णपणे लागला.

नळी तिथेच का सडली, हेही दिसत होते. पट्टी आणि नळी यांच्यामध्ये चोवीस वर्षांची धूळ अडकून ओली राहिली होती, आणि आधीच्या मालकांनी कूलंटऐवजी बोअरवेलचे पाणी घातल्याच्या खुणा पांढऱ्या खरपुड्यांच्या रूपाने रेडिएटरच्या गळ्यातही आहेत. बाहेरून ओल आणि आतून क्षार, अशा दोन्ही बाजूंनी पत्रा खाल्ला गेला होता.

सोमवार, 14 एप्रिल

आंबेडकर जयंतीची सुट्टी असल्याने सुट्या भागांची दुकाने बंद होती. हात शांत बसेनात, म्हणून दोन भाग मळून लावायची पुटी वापरून पाहायचे ठरवले. नळीतील पाणी काढले, खालून दोन बोटांनी पॉलिश पेपर घासला आणि पट्टीच्या कडेने पुटी दाबून बसवली. हे करायला पावणेदोन तास लागले आणि मनगटाचे साल निघाले.

बुधवार, 16 एप्रिल

चोवीस तासांहून जास्त वेळ वाळू दिल्यावर दाब दिला. आठ पौंडांवर पुटीच्या कडेतून पाणी आले. छिद्र पट्टीच्या आत होते आणि पुटी पट्टीच्या बाहेर बसली होती. पाण्याला फक्त थोडा वळसा पडला. गंजलेल्या पत्र्यावर पुटी धरत नाही हे वेगळेच. आता मूळ छिद्रही झाकले गेले आणि बोल्टचे डोकेही अर्धे लिंपले गेले, त्यामुळे पुढचे काम मी स्वतःच कठीण करून ठेवले. शेजारच्या काकांनी रेडिएटरमध्ये मूठभर हळद टाकण्याचा सल्ला दिला. जुन्या काळी लांबच्या प्रवासात गळका रेडिएटर असाच घरापर्यंत आणत, हे खरे आहे. मी नम्रपणे नकार दिला. हळदीचा विषय पुढे 3 मेच्या नोंदीत पुन्हा आला आहे.

शनिवार, 19 एप्रिल

सेंट्रल अव्हेन्यूवरील दुकानांमध्ये नळी शोधली. काउंटरवर तिला ‘वॉटर पाइप’ म्हणतात. पहिला प्रश्न विचारला जातो तो कार्बोरेटरची झेन की एमपीएफआय, आणि त्याचे उत्तर बरोबर देणे आवश्यक आहे, कारण मला दाखवलेल्या दोन नळ्यांमध्ये तोटीचा कोन वेगळा होता. चौथ्या दुकानात मोबाइलमधील कॅमेऱ्याचे चित्र दाखवल्यावर योग्य नळी निघाली. कंपनीचा मूळ भाग मागवायला आठ दिवस लागणार होते. मी बाजारातील दुसरी नळी 420 रुपयांना घेतली. त्याचबरोबर दोन ओ रिंगा 50, मॅनिफोल्डचे पॅकिंग 180, खालची होज 310 आणि हीटरची एक मीटर होज 140 रुपये. दोन ओ रिंगा घेतल्या हे फार बरे झाले.

रविवार, 20 एप्रिल

मॅनिफोल्ड न काढता खालूनच नळी काढता येईल, असा माझा समज होता. पहाटे सव्वापाचला गाडीचा पुढचा भाग जॅकने उचलून स्टँडवर ठेवला, मागच्या चाकांना विटांची अडण लावली आणि पाठीवर झोपून काम सुरू केले. दहा नंबरच्या बोल्टवरील पुटी खरवडण्यातच एक तास गेला. गंज सोडवणारे तेल मारून वीस मिनिटे थांबलो आणि लांब एक्स्टेन्शनवर गोटी (सॉकेट) चढवून जोर दिला. बोल्ट फिरला असे वाटले. प्रत्यक्षात त्याचे डोके तुटून माझ्या छातीवर पडले आणि दांडा ब्लॉकमध्येच राहिला.

तेल मारल्यावर वीस मिनिटे नव्हे, रात्रभर थांबायला हवे होते. अल्युमिनियममध्ये वीस-पंचवीस वर्षे बसलेला लोखंडी बोल्ट एकदम सोडवायचा नसतो; थोडा घट्ट, थोडा सैल, असे झुलवत त्याला जागचा हलवायचा असतो. पावणेनऊला अंगणातील तापमापकाने 39 दाखवले आणि गाडीखालची फरशीही तापू लागली, तेव्हा काम थांबवले. तुटलेला बोल्ट काढण्यासाठी समोरून ड्रिल पोचणे आवश्यक होते, म्हणजे मॅनिफोल्ड काढण्याला आता पर्याय उरला नव्हता.

शनिवार, 26 एप्रिल

मॅनिफोल्ड उतरवला. वेळ तीन तास चाळीस मिनिटे. ज्यांना हे करायचे आहे त्यांच्यासाठी क्रम सविस्तर लिहितो. आधी पेट्रोल पंपाचा रिले काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवले, म्हणजे पेट्रोलच्या नळीतील दाब उतरतो. मग इंजिन पूर्ण निवू दिले आणि बॅटरीची ऋण तार सोडली. कूलंट टबमध्ये काढले, ते 3 लिटर 400 मिलिलिटर भरले. गोड वासाने गल्लीतील कुत्रे लगेच टबापाशी आले. हे द्रव्य विषारी असते आणि चवीला गोड लागते, त्यामुळे ते उघडे ठेवू नये. मी तेवढ्यात टब उचलून झाकणाच्या कॅनमध्ये रिकामा केला. त्यानंतर हवेची नळी, अ‍ॅक्सिलरेटरची केबल, इंजेक्टरांचे प्लग आणि लहानमोठ्या अकरा रबरी नळ्या काढल्या. प्रत्येक नळीला आणि तिच्या जागेला कागदी टेपवर एकच क्रमांक लिहून चिकटवला आणि फोटो काढले. इंजेक्टरांची पट्टी मॅनिफोल्डवर तशीच राहू दिली.

वरचे नट सहज निघतात. खालच्या ओळीतील मधला नट हाच खरा अडसर आहे, कारण त्याच्यापुढे मॅनिफोल्डला खालून आधार देणारी पट्टी येते. ती आधी सोडल्याशिवाय पाना बसत नाही. हे कळायला मला पन्नास मिनिटे लागली. एक नट निसटून खालच्या क्रॉसमेंबरमध्ये (इंजिनाखालच्या आडव्या पट्टीत) पडला, तो भाच्याने दोरीला लोहचुंबक बांधून काढला. मॅनिफोल्ड बाजूला होताच इतके दिवस कॅमेऱ्यातून पाहिलेली नळी हातभर अंतरावर समोर उघडी पडली. हेडमधील चारही तोंडांत स्वच्छ कापड कोंबले, कारण आत पडलेला एक खडाही हेड उघडायला लावू शकतो.

जुनी नळी हलवताच पट्टीपाशी दोन तुकडे झाली. गंजलेल्या जागी पत्रा वर्खासारखा उरला होता. नखाने दाबला तरी आत जात होता. बुटीबोरीच्या रस्त्यावर ती पूर्ण फुटली नाही, यात माझे कौशल्य काहीच नव्हते.

रविवार, 27 एप्रिल

तुटलेल्या सहा मिलिमीटरच्या बोल्टच्या मधोमध टोचा मारून ड्रिल करायला घेतले, पण बिट कडक लोखंडावरून घसरून बाजूच्या मऊ अल्युमिनियमकडे सरकले आणि भोक मध्यापासून ढळले. मूळ आटे वाचवणे शक्य नव्हते, म्हणून 6.8 मिलिमीटरचे भोक करून आठचा टॅप (आटे पाडायचे हत्यार) मारला (बिट आणि टॅप मिळून 260 रुपये). हा बोल्ट फक्त पट्टी धरण्यासाठी आहे, पाणी अडवण्याशी त्याचा संबंध नाही, म्हणून एवढी मोकळीक घेता आली. नव्या नळीच्या पट्टीचे भोक गोल कानशीने मोठे केले.

नळी बसवली, बोल्ट आवळला, होज जोडल्या. मॅनिफोल्ड चढवण्यापूर्वीच दाब तपासायचा होता, पण मॅनिफोल्डमधूनही कूलंट फिरत असल्याने तो काढलेला असताना पूर्ण यंत्रणेवर दाब देता येत नाही. मी कंटाळून मॅनिफोल्ड नव्या पॅकिंगसह चढवला, सगळे जोडले आणि मग दाब दिला. दहा पौंडांवर पंपाकडच्या टोकातून, म्हणजे ओ रिंगपाशी, पाणी झिरपले. अडीच तासांचे काम परत उलगडायचे होते. त्या दिवशी मी ते केले नाही, पाने उचलून घरात गेलो.

गुरुवार, 1 मे

महाराष्ट्र दिनाची सुट्टी. या वेळी मॅनिफोल्ड एक तास पन्नास मिनिटांत उतरला. ओ रिंग बाहेर काढली तर एका बाजूला तिचा नखाएवढा तुकडा चिरला गेला होता. कारण शोधताना नवी नळी जुन्या तुकड्यांशेजारी ठेवून मोजली. बाजारातील नळीची पट्टी जवळपास चार मिलिमीटर खाली होती, त्यात माझे नवे भोक मध्यापासून सरकलेले होते. बोल्ट आवळताना पट्टी ओढली जात होती, त्यामुळे नळी आपल्या खोबणीत तिरपी होऊन ओ रिंग एका बाजूने चिरडत होती. रिंगही मी कोरडीच घुसवली होती.

पट्टीचे भोक कानशीने लांबट करून बोल्टला इकडेतिकडे जागा ठेवली आणि पट्टीमागे दोन वायसर घातले. खोबणीतील गंज 400 नंबरच्या पॉलिश पेपरने हलकेच साफ केला. दुसरी ओ रिंग कूलंटमध्ये भिजवून नळीवर चढवली आणि नळी पिळत पिळत न बसवता सरळ दाबून शेवटपर्यंत आत सारली. आधी नळी आपल्या जागी मोकळी बसू दिली आणि पट्टीचा बोल्ट सर्वांत शेवटी, नळीला जराही न ओढता आवळला. क्रम एवढाच बदलला.

मॅनिफोल्डचे पॅकिंग एकदाच आवळले गेले होते तरी पुन्हा वापरले नाही. भाचा दुसरे आणायला गेला. बंद दुकानांतून हिंडून त्याला ते दुपारी मिळाले आणि त्याचे 180 रुपये वेगळे लागले. नट मधून बाहेरच्या दिशेने दोन फेऱ्यांत आवळले. सायंकाळी सहाला बारा पौंड दाब दिला आणि चहा घ्यायला आत गेलो. चाळीस मिनिटांनी काटा बारावरच होता. तरी खात्री वाटेना, म्हणून दाबमापकावर टिचकी मारून पाहिली.

शनिवार, 3 मे

कूलंट भरले. दोन लिटर कूलंट (640 रुपये) आणि डिस्टिल्ड वॉटरचे कॅन (200 रुपये) आणले होते. दोन्ही निम्मे निम्मे मिसळले. हवा अडकू नये म्हणून गाडीचे तोंड चढाकडे करून उभी केली, हीटर पूर्ण गरमवर ठेवला आणि वरची होज हाताने दाबत दाबत सावकाश भरले. पंखा दोनदा चालू होऊन बंद झाला, वरची होज गरम झाली, काटा जागेवर राहिला. पण हीटरची हवा पुन्हा कोमटच येत होती. हवा अडकली असेल असे समजून आणखी पाऊण तास घालवला.

मग 29 मार्चची आठवण झाली. इंजिन निवल्यावर हीटरच्या दोन्ही होज काढल्या आणि परतीच्या बाजूने बागेच्या पाइपचे पाणी हलक्या दाबाने सोडले. आधी काहीच आले नाही. नंतर बादलीत पिवळट तपकिरी गाळ पडू लागला, पिठल्यासारखा दाट, आणि तो बोटांवर घेतल्यावर बोटे पिवळी झाली. साबणाने धुतल्यावर डाग लालसर झाला, तेव्हा शंका उरली नाही: ती हळद होती. आधीच्या कोणत्या तरी मालकाने या गाडीची गळती हळदीने बुजवण्याचा प्रयत्न केला होता आणि हळद छिद्रात बसण्याऐवजी हीटरच्या बारीक नळ्यांत जाऊन बसली होती. काकांना मी हे सांगितले. त्यांचे म्हणणे असे की, प्रमाण चुकले असणार.

दोन्ही दिशांनी आळीपाळीने पाणी सोडल्यावर अर्ध्या तासाने ते स्वच्छ येऊ लागले. हीटर आता चटका बसेल इतकी गरम हवा देतो. मे महिन्याच्या नागपुरात या यशाचा आनंद साजरा करायला घरातून कोणी पुढे आले नाही.

रविवार, 4 मे

सकाळी कामठी, कन्हान, मनसर या मार्गाने रामटेकला गेलो आणि गडाचा चढ दुसऱ्या गिअरमध्ये मुद्दाम सावकाश चढलो. काटा नेहमीच्या जागेवरून हलला नाही. वर पोचल्यावर बोनेट उघडून आरसा आत घातला. मागची बाजू कोरडी होती आणि टॅल्कम पावडरचे काही पांढरे डाग अजून फायरवॉलला चिकटलेले होते. येताना एसी लावला.

खर्चाचा हिशेब असा: टोपण आणि क्लिपा 230, पंपाचे काम 4,330, दाब तपासण्याची जुळणी 310, कॅमेरा 750, पुटी 60, नळी आणि तिच्यासोबतचे भाग 1,100, दुसरे पॅकिंग 180, बिट आणि टॅप 260, कूलंट आणि पाणी 840, एकूण 8,060 रुपये. यातील दुरुस्तीला खरोखर लागलेले भाग आणि कूलंट 1,940 रुपयांत येतात. टायमिंग बेल्ट जुना होता, म्हणून 4,330 पूर्णपणे पाण्यात गेले असे मी घरी म्हणत नाही. माझे स्वतःचे सुमारे तीस तास गेले, त्यातील निम्मे तरी नको त्या जागी.

रविवार, 18 मे

दोन आठवड्यांत 410 किलोमीटर झाले. 4 मेच्या रात्री बाटलीवर मार्करने रेघ ओढून ठेवली होती. आज सकाळी थंड इंजिनावर पातळी त्याच रेघेवर आहे. पुठ्ठा अजून गाडीखाली आहे. त्यावर आज एक ओला डाग दिसला, म्हणून गुडघे टेकून बोट लावले आणि वास घेतला. वाळ्याचा होता. कूलरखाली आता पन्हाळ लावली आहे.